लाल मातीच्या रस्त्यावर पुस्तकांची पेटी

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या घरातल्या पोरांना आधी क्रिकेट आठवते. सिडनी, मेलबर्न, पर्थ, ॲडलेड ही नावे त्यांना तोंडपाठ असतात. पण ही सगळी शहरे समुद्राच्या काठाला आहेत. त्या देशातील बहुतेक माणसे किनाऱ्याला धरूनच राहतात. आत शिरावे तसतशी हिरवळ संपते, माती लाल होत जाते आणि माणूस दिसेनासा होतो. या आतल्या मुलखाला तिथे 'आउटबॅक' म्हणतात. देश भारताच्या दुपटीहून मोठा आणि लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास. एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच अकरा कोटींच्या वर होती. यावरून त्या मोकळ्या रानाची कल्पना यावी.

या रानात एक वेगळाच प्रवासी फिरताना आढळतो. त्याच्या गाडीत पाण्याचे डबे असतात, दोन जादा टायर असतात, दुरुस्तीची हत्यारे असतात आणि पुस्तकांनी भरलेली एक पेटी असते. पुस्तक एकच, बायबल. ते वाटत तो शेकडो किलोमीटर जातो. तो पगारी पाद्री असेलच असे नाही. निवृत्त शिक्षक असतो, मेकॅनिक असतो, नर्सबाई असते. पुष्कळदा नवराबायको दोघे मिळून निघतात.

ही माणसे कोण, कुठे जातात आणि ज्यांच्या हाती हे पुस्तक पडते त्यांचे काय होते, ते या लेखात पाहू. गोष्ट दूरच्या देशाची असली तरी तिच्यातले काही प्रश्न आपल्या ओळखीचे वाटतील.

रस्ता आणि माणसे

देशाच्या पोटातून दक्षिणोत्तर जाणारा मोठा रस्ता म्हणजे स्टुअर्ट हायवे. दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत तो सुमारे २,८०० किलोमीटर आहे. पूर्ण डांबरी व्हायला त्याला १९८७ साल उजाडले. मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. पण चहूबाजूंच्या शेकडो मैलांना दवाखाना, बाजार, कचेरी सगळे तिथेच.

हायवे सोडला की कच्चा रस्ता लागतो. वाऱ्याने आणि चाकांनी त्यावर पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात. गाडीचा नट न् नट खिळखिळा होतो. समोरून 'रोड ट्रेन' येते. एका ट्रकला तीन-तीन डबे जोडलेले, लांबी पन्नास मीटरहून जास्त. ती गेली की लाल धुळीत काही काळ काहीच दिसत नाही. अंधार पडल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून शहाणा माणूस दिवे लागणीच्या आत गाडी थांबवतो. तिथला पहिला नियम असा की, गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचे नाही. सावली तिचीच, पाणी तिच्यातच, आणि शोधणाऱ्याला वरून दिसते तीही गाडीच. हा नियम मोडून अनेकांनी जीव गमावले आहेत.

या मुलखात वस्ती दोन प्रकारची आहे. पहिली गुरांच्या 'स्टेशनां'ची. तिथे स्टेशन म्हणजे आगगाडीचे नव्हे, तर गुरे पाळण्याचे अवाढव्य रान. दक्षिण ऑस्ट्रेलियातले ॲना क्रीक स्टेशन तेवीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे. आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, महाराष्ट्रात सर्वांत मोठा. तो सतरा हजार चौरस किलोमीटर. म्हणजे एका जिल्ह्याहून मोठे रान आणि त्यात राहणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी! शेजारचे घर शंभर किलोमीटरवर असले तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

दुसरी वस्ती मूळ रहिवाशांची, ज्यांना आपण आदिवासी म्हणू. इंग्रज १७८८ मध्ये आले त्याआधी हजारो वर्षांपासून ही भूमी त्यांची होती आणि तिच्यावर अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या. २०२१ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे आठ लाख तेरा हजार भरली. देशाच्या लोकसंख्येत हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडे वर. त्यांची दूरची गावे आज बहुधा त्यांच्याच मालकीच्या जमिनीवर आहेत. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या जमीनहक्क कायद्याने ही मालकी मान्य झाली. तिथे जायचे तर बाहेरच्याला आधी परवाना काढावा लागतो. बायबल वाटणाराही त्याला अपवाद नाही. पूर्वी गोरा माणूस वाटेल तेव्हा घुसत असे. आज त्याला दाराशी उभे राहून विचारावे लागते. हा बदल लहान नव्हे.

पाद्री, विमान आणि पायाने चालणारा रेडिओ

बायबल वाटण्याचे काम तिथे जुने आहे. सिडनीत १८१७ साली बायबल सोसायटीची शाखा निघाली आणि ती आजतागायत चालू आहे. पण आउटबॅकमध्ये हे काम सेवेशी जोडले गेले ते जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन पाद्रीमुळे. १९१२ मध्ये त्याने 'ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन' सुरू केले. मिशनचे पाद्री उंटावर बसून महिनोन् महिने फिरत. लग्न लावायचे, बाळाचा बाप्तिस्मा करायचा, मेलेल्याला माती द्यायची आणि पुस्तके वाटायची. १९१९ मध्ये अँग्लिकन पंथाची 'बुश चर्च एड सोसायटी' निघाली. तिने तर टपालाने रविवारची शाळा चालवली.

फ्लिनच्या लक्षात आले की रानातल्या माणसाला पुस्तकाइतकीच डॉक्टरची गरज आहे. १९१७ साली पश्चिमेकडच्या हॉल्स क्रीक भागात जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला. डॉक्टर होता पर्थमध्ये, हजारो किलोमीटर दूर. तारेने एकेक सूचना येत गेली आणि गावच्या पोस्टमास्तरने साध्या चाकूने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली! डॉक्टर बोटीने, मोटारीने, घोडागाडीने आणि शेवटी पायी प्रवास करत दहा दिवसांहून अधिक काळाने पोहोचला, तेव्हा डार्सी गेलेला होता.

त्याच साली क्लिफर्ड पील नावाच्या तरुण सैनिकाने फ्लिनला पत्र लिहून विमानाची कल्पना सुचवली. पील १९१८ मध्ये युद्धात मारला गेला. त्याची कल्पना मात्र जगली. मे १९२८ मध्ये क्लॉनकरी गावातून पहिले डॉक्टरी विमान उडाले. आजची 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' ती हीच.

पण डॉक्टरला बोलवायचे कसे? रानात वीज नाही, तार नाही. आल्फ्रेड ट्रेगर या कारागिराने १९२९ मध्ये पायाने चालवायचा रेडिओ बनवला. आपल्या घरात शिलाई मशीन चालवावे तसे पायटे मारायचे, त्यातून वीज तयार व्हायची आणि बाई शेकडो मैलांवरच्या डॉक्टरशी बोलू शकायची. दुपारी त्याच रेडिओवर स्टेशनच्या बायका एकमेकींशी सुखदुःख बोलत. पुढे रेडिओवरूनच 'स्कूल ऑफ द एअर' ही शाळा सुरू झाली. ॲलिस स्प्रिंग्जची अशी शाळा १९५१ ची. आता ती इंटरनेटवर चालते.

आजचे स्वयंसेवक या परंपरेतले आहेत. फ्लिनच्या मिशनचे काम पुढे 'फ्रंटियर सर्व्हिसेस'कडे आले. तिचे स्वयंसेवक स्टेशनवर जाऊन कुंपण दुरुस्त करतात, घराला रंग देतात, पोरांचा अभ्यास घेतात. दुष्काळात गुरे मेलेली, कर्ज डोक्यावर, बोलायला माणूस नाही, अशा घरात कोणी येऊन चहा घेत तासभर ऐकून घेतो, हे मोठेच काम आहे. पुस्तक निघते ते सर्वांत शेवटी. कोणी घेतो, कोणी नको म्हणतो. २०२१ च्या जनगणनेत शंभरातील सुमारे ३९ ऑस्ट्रेलियनांनी आपला कोणताच धर्म नाही असे लिहिले. म्हणजे नको म्हणणारेही पुष्कळ भेटत असणार.

नाण्याची दुसरी बाजू

फ्लिनचे चित्र ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. पण त्याच्या हयातीतच एक सवाल उठला होता. ही सगळी सेवा कोणासाठी? ॲडलेडचे शल्यवैद्य डॉ. चार्ल्स ड्युगिड यांनी १९३० नंतरच्या काळात उघड आक्षेप घेतला की, इनलँड मिशनची कळकळ गोऱ्यांपुरती आहे, जमिनीच्या मूळ मालकांना तिच्यात जागा नाही. ड्युगिड स्वतः त्याच प्रेस्बिटेरियन चर्चचे. आपल्याच घरातली चूक दाखवायला छाती लागते!

ते नुसते बोलून थांबले नाहीत. त्यांच्या खटपटीने १९३७ मध्ये अर्नाबेला येथे मिशन उभे राहिले. आज त्या गावाला पुकाच्चा म्हणतात. तिथला दंडक वेगळा होता. धर्माची सक्ती करायची नाही, लोकांच्या चालीरीतींवर हात टाकायचा नाही, आणि गोऱ्याने त्यांची भाषा शिकायची. १९४० मध्ये शाळा निघाली ती पिचंजाजारा या त्यांच्याच भाषेतून. १९४८ मध्ये बायांसाठी लोकरकामाची खोली सुरू झाली. तिथे बाया सूत कातत, गालिचे विणत. ते कलाकेंद्र आजही चालू आहे आणि मूळ रहिवाशांच्या कलाकेंद्रांत ते सर्वांत जुने मानले जाते.

सगळीकडे मात्र असे नव्हते. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारने मूळ रहिवाशांची हजारो मुले, विशेषतः मिश्र रक्ताची, आईच्या कुशीतून ओढून नेली. त्यांना सरकारी वसतिगृहांत आणि मिशनांत ठेवले. भाषा बंद, आईची भेट बंद. दर तिनांत एक ते दहांत एक मूल असे नेले गेले, असा अंदाज १९९७ च्या सरकारी चौकशी अहवालाने दिला. ज्या हातांनी मुलांना बायबल दिले, त्यांपैकी काही हात या कामातही होते. चर्चनी पुढे माफी मागितली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. माफीने बालपण परत येत नाही. पण झाले ते झालेच नाही, असे म्हणणे तरी थांबते.

म्हणून आज पुस्तकांची पेटी घेऊन गावात येणाऱ्या स्वयंसेवकाकडे म्हाताऱ्या बाया कोणत्या नजरेने पाहत असतील, याचा विचार मनात येतो. कोणाला त्या पुस्तकात आधार मिळाला, कोणाला त्याच्या नावाने घर गमवावे लागले. एकाच गावात दोघी शेजारी बसलेल्या असू शकतात.

आंधळा प्रचारक आणि आईची बोली

ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर हर्मन्सबर्ग आहे. त्याचे मूळ नाव न्तारिया. जर्मन लुथरन मिशनऱ्यांनी १८७७ मध्ये इथे ठाणे उभारले. १८९४ मध्ये आलेल्या कार्ल स्ट्रेलो या पाद्रीने इथल्या अरंडा लोकांची भाषा शिकून तिच्यात बायबलचे भाषांतर केले. पण एकट्याने नव्हे. मोझेस जल्काबोटा हा अरंडा माणूस त्याच्या मदतीला होता. मोझेसची दृष्टी पुढे गेली. पुस्तक त्याने पाठ केले आणि पायी, गाढवावर, उंटावर बसून तो रानोमाळ सांगत फिरला. म्हणजे या लाल मातीतला एक मोठा प्रचारक गोरा नव्हता, आणि त्याच्या हातात पुस्तकही नव्हते.

आल्बर्ट नामाच्चिरा हा प्रसिद्ध चित्रकार याच गावचा. त्याने सुरुवातीला लाकडी फळ्यांवर तापल्या सळईने बायबलची वचने कोरून विकली. पुढे त्याची निसर्गचित्रे देशभर घराघरांत लागली. १९५७ मध्ये त्याला नागरिकत्वाचे हक्क मिळाले, पण त्याच्या आप्तांना नाहीत. आप्ताला दारू दिली म्हणून १९५८ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि १९५९ मध्ये तो खचून मेला. चर्चमध्ये सगळे देवाची लेकरे आणि कायद्यात मात्र दोन दर्जे! त्या पुस्तकाचा आणि त्या कायद्याचा मेळ कसा बसत होता, हे ते बसवणारेच जाणोत.

भाषेची गोष्ट तर फारच शिकण्याजोगी आहे. पूर्व किनाऱ्यावर लॅन्सलॉट थ्रेल्केल्ड या मिशनऱ्याने बिराबान या मूळ रहिवाशाच्या मदतीने अवाबकाल भाषेत लूकचे शुभवर्तमान तयार केले. पण काम होईतो ती भाषा बोलणारी माणसे जवळजवळ नाहीशी झाली होती. रोगराईने, हिंसेने, जमीन गेल्याने. पुस्तक राहिले, वाचणारे गेले.

याच्या उलट गोष्ट उत्तरेच्या नुकुर गावची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुरांच्या कंपन्यांनी रोपर नदीच्या भागात माणसांची अक्षरशः शिकार केली. जीव वाचवून वेगवेगळ्या जमातींचे लोक १९०८ मध्ये निघालेल्या मिशनच्या आसऱ्याला आले. प्रत्येकाची भाषा निराळी. मग त्यांची पोरे एकमेकांशी बोलता बोलता एक नवीच बोली घडली. तिचे नाव क्रिओल. शब्द बरेचसे इंग्रजीतून आलेले, पण घडण आपली. गोरे तिला 'मोडके इंग्रजी' म्हणून हसत. घरची बोली बोलल्याबद्दल शाळेत हसे झालेली माणसे आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांना हे दुःख समजेल.

त्याच बोलीत 'होली बायबुल' हे संपूर्ण बायबल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या कोणत्याही भाषेत निघालेले ते पहिले पूर्ण बायबल. त्याला पाव शतकाहून जास्त काळ लागला आणि भाषांतरात त्या समाजाची माणसे होती. पिचंजाजारा भाषेतला नवा करार 'जुकुर्पा पल्या' या नावाने निघाला. जुकुर्पा हा त्यांचा फार जुना शब्द. पूर्वजांची कथा, भूमीचा नियम, जगण्याची रीत हे सगळे त्यात येते. परक्या पुस्तकाला त्यांनी आपल्या शब्दात बसवले.

आजचे स्वयंसेवक अशी पुस्तके घेऊन जातात. जिथे वाचता येणारे थोडे, तिथे उन्हावर चालणारी छोटी ध्वनियंत्रे देतात. आजी झाडाखाली बसून आपल्या भाषेतला आवाज ऐकते. रात्री गावकरी जमतात, गिटार वाजते, गाणी होतात. बहुतेक ठिकाणी पाद्रीही गावचाच असतो. १९७९ मध्ये उत्तरेच्या एल्को बेटावर धर्मजागृतीची मोठी लाट उठली. ती योल्ङु लोकांनी स्वतः उठवली आणि गावोगाव नेली. बाहेरच्याने पेटी आणून ठेवली तरी आत काय ठेवायचे आणि काय नाही, हे घरातलेच ठरवू लागले.

वाचणारा माणूस अर्जही लिहितो

अक्षर शिकवणाऱ्याला हे नेहमी ठाऊक असतेच असे नाही, की शिकलेला माणूस उद्या काय लिहील. विल्यम कूपर हे यॉर्टा यॉर्टा जमातीचे. मिशनच्या शाळेत अक्षरओळख झालेले, श्रद्धावान ख्रिस्ती आणि आयुष्यभर कष्टाची कामे केलेले. म्हातारपणी त्यांनी आपल्या लोकांसाठी संसदेत प्रतिनिधी मागणारा अर्ज इंग्लंडच्या राजाला लिहिला. त्यावर १,८१४ सह्या गोळा केल्या. सरकारने तो राजाकडे पाठवलाच नाही. डिसेंबर १९३८ मध्ये जर्मनीतील ज्यूंवरच्या अत्याचारांचा निषेध करायला हेच कूपर मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर गेले. स्वतःला हक्क नसताना दुसऱ्याच्या दुःखासाठी चालत जाणारी ती माणसे होती.

डेव्हिड युनायपॉन हेही मिशनवर वाढले. प्रवचनकार, लेखक आणि संशोधक. मेंढ्यांची लोकर कातरण्याचे सुधारित यंत्र त्यांच्या नावावर आहे. त्यांचे चित्र आज पन्नास डॉलरच्या नोटेवर आहे. फ्लिन विसाच्या नोटेवर, युनायपॉन पन्नासाच्या!

दगड परत गेला

ॲलिस स्प्रिंग्जजवळ फ्लिनची समाधी आहे. तो १९५१ मध्ये वारला. त्याच्या चाहत्यांनी समाधीवर ठेवायला एक प्रचंड गोल दगड आणला. तो कार्लु कार्लु नावाच्या जागेचा, उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटरवरचा. दगड भव्य होता, पण ती जागा वारुमुंगू, कायतेत्ये आदी लोकांची पवित्र जागा होती. त्यांना कोणी विचारले नाही. त्यांची वेदना चाळीस-पंचेचाळीस वर्षे तशीच राहिली. अखेर बरीच बोलणी झाली आणि १९९९ मध्ये तो दगड ट्रकवर चढून आपल्या जागी परत गेला. मग फ्लिनची समाधी उघडी राहिली का? नाही. ॲलिस स्प्रिंग्जच्या अरंडा लोकांनी आपल्या भूमीतला दुसरा दगड स्वखुशीने दिला. तोच आज तिथे आहे.

न विचारता नेलेला दगड आणि मनाने दिलेला दगड, दोन्ही दगडच. पण फरक केवढा! धर्माचे, पुस्तकाचे, सेवेचेही तसेच आहे. लादलेले आणि स्वतः विचार करून स्वीकारलेले यातला फरक आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

२०१५ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी बायांचे एक गायकमंडळ जर्मनीला गेले. जर्मन मिशनऱ्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी आणलेली भजने त्यांनी अरंडा आणि पिचंजाजारा भाषेत जर्मनांना ऐकवली. त्यांची कहाणी 'द साँग कीपर्स' या २०१७ च्या चित्रपटात आहे. देणारे आता ऐकायला बसले होते आणि घेणाऱ्या बाया आपल्या बोलीत, आपल्या सुरात गात होत्या.